डॉक्टरांचा निरोप

"तुमचं वजन जास्त आहे, म्हणून एकोणचाळिसाव्या आठवड्यातच कळा सुरू करू म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हालाच थांबायचं होतं, असं घरून कळवलंत. आता बीपी वाढलंय, बाळालाही धोका आहे."

मृदुलाने आईकडे पाहिलं. दवाखान्यातून आलेला तो फोन आईनेच घेतला होता. 'डॉक्टर घाई नाही म्हणाल्या,' असं तिने येऊन सांगितलं होतं.

"पितृपक्षात नको वाटलं गं," आई हळूच म्हणाली. "आठ दिवसांचा तर प्रश्न होता."

मृदुलाच्या लठ्ठपणावरून सगळे बोलायचे, तेव्हा ही आईच एकटी तिच्या बाजूने भांडायची. म्हणून तर बाळंतपणात आईच जवळ हवी, असं मृदुलाने नवऱ्यालाही बजावलं होतं.

सिस्टर व्हीलचेअर घेऊन आली. "आत सोबत कोण येणार?"

आईने चपला काढल्या.

"सिस्टर," मृदुला म्हणाली, "तुम्हीच थांबा माझ्याजवळ."