मागून दुसरी सीट

माझा नवरा मीटर घेऊन बसमधून हिंडतो आणि कुठल्या सीटवर मोबाइलचा सिग्नल किती येतो ते मोजतो. बाळाला दात येताहेत, त्यामुळे महिनाभर आम्ही दोघंही धड झोपलेलो नाही. तरी काल जेवताना स्वारी रंगात आली होती.

"ही नवी वेगवान लहर फार नाजूक गं. मध्ये जरा पत्रा आला, जाड काच आली, नुसता माणूस उभा राहिला तरी अडते. साठ नंबरच्या बसमध्ये मागून दुसऱ्या सीटवर तर एकसुद्धा दांडी दिसत नाही. खात्री करायला आठवडाभर रोज तीच मोजतोय."

"म्हणजे तिथे फोनच लागत नाही?"

"अजिबात नाही. तू चुकूनही बसू नकोस तिथे."

मी शहाण्यासारखी मान डोलावली. ऑफिस सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत मला सासूबाईंचे सात फोन येतात. टोपडं कुठलं घालू, खुळखुळा कुठे ठेवलास, पाळणा हळू हलवू की जोरात. बाळ त्यांच्याकडे मजेत असतं. माझाच चाळीस मिनिटं डोळा लागला, तर कुणाचं काय बिघडणार होतं?

आज मुद्दाम दोन बस सोडल्या. साठ नंबर आली तशी सगळ्यांच्या आधी चढले आणि थेट मागे गेले. सीटवर कुणीतरी होतं.

 

मांडीवर मीटर, काचेला टेकलेलं डोकं. स्वारी खात्री करून घेत होती, चांगली घोरत.