एकेक बाईट

"परत मान टाकली," चाचणीवाला खुर्चीतूनच म्हणाला. सकाळपासून अकराव्यांदा.

तिने कपाळावर हात मारला. प्रोग्रॅममधलं तिचं फंक्शन केवढं, तर सोळा ओळींचं. मेमरीतल्या एका जागची माहिती उचलायची, दुसऱ्या जागी ठेवायची. प्रोसेसर नवा असेल तर बत्तीस बाईट एका घासात. जुना असेल तर साधा लूप, तेच ते पुन्हा करत एकेक बाईट. एका कंपायलरमधून यंत्राच्या भाषेत काढलं की सगळीकडे धावत होतं. दुसऱ्यातून काढलं की जुन्या यंत्रावर कोसळत होतं. आणि गिऱ्हाइकाकडे नेमका तो दुसरा कंपायलर, नेमकी जुनी यंत्रं.

"जुन्यांना द्या ना सोडून," चाचणीवाला म्हणाला.

"तुझ्या टेबलावर कुठलं आहे?"

"जुनंच."

"मग गप्प बस."

फोन वाजला. आई.

"डोळ्याचं झालं गं सगळं. पट्टी बांधून तीन वाजल्यापासून बाकावर बसवलंय. न्यायला कोण येतंय?"

"दादा येतोय ना! सकाळीच सांगितलंय त्याला."

"दादा म्हणतो, धाकट्याला सांगितलंय. धाकटा म्हणतो, ताईचं ऑफिस जवळ आहे, ती येईल."

"काय माणसं आहेत! थांब, दादाला विचारते."

दादाने फोन उचलला नाही. 'आईला आणतोयस ना?' असा निरोप टाकून ती पुन्हा पडद्याकडे वळली.

आता एकच उरलं होतं. कंपायलरने तिच्या सोळा ओळींचं शेवटी काय केलं, ते उघडून वाचायचं. पेन्सिलचं टोक पडद्यावर टेकवत ती ओळीओळीने खाली आली. साधा लूप कुठेच नव्हता. त्याच्या जागी एकच ओळ होती.

"अगं बाई!"

"काय झालं?"

"अतिशहाणा मेला! लूप बघितला, ओळखलं की हे उचलून ठेवायचं काम आहे. म्हणाला, आपण कशाला राबायचं, या कामाला तयार फंक्शन आहे, त्याला हाक मारू."

"मग बरोबरच आहे की."

"ते तयार फंक्शन म्हणजे हेच! हे स्वतःलाच हाक मारतंय, ते पुन्हा स्वतःला. हाका मारता मारता जागा संपते आणि एक बाईट जागचा हलत नाही."

चाचणीवाला हसत सुटला. "मग त्याला सांगता येत नाही? बाबा रे, दुसऱ्यावर ढकलू नकोस, तूच कर?"

"येतं. एक ओळ लिहावी लागते."

तिने ती लिहिली. जुनं यंत्र घरघरलं, जरा रेंगाळलं, पण शेवटपर्यंत गेलं.

"चाललं!" चाचणीवाल्याने टेबलावर थाप मारली.

तिचं लक्ष फोनकडे होतं. दादाचं उत्तर आलं होतं: 'धाकट्याला विचार.'

तिने पर्स उचलली आणि आईला फोन लावला. "आई, तिथंच बस. हलू नकोस. मी निघाले."

"तू नको निघूस. मीच निघालेय," आईला धाप लागली होती. "एका डोळ्यानं जिन्याचा अंदाज येत नाही, एवढंच. पण कठडा आहे. ही चौथी पायरी."

"आई, फोन ठेव आणि दोन्ही हातांनी धर!"

"पाचवी," आई म्हणाली.