मागच्या भिंतीतला स्पीकर

"प्लगच काढला," टकर मोठ्याने म्हणाला. "आता सगळं बंद, मिस्टर हॉलिस."

म्हातारेबुवा आपल्या खुर्चीत, मागच्या भिंतीला डोकं टेकून बसले होते. "गुणगुणतंय अजून," ते म्हणाले.

त्यांची मुलगी नॅडीन पलीकडे टीव्हीपाशी उभी होती. तिने टकरकडे पाहिलं आणि टकरने आपल्या हत्यारांच्या पेटीकडे. स्पीकरची सिस्टीम बंद आहे, आवाज येत नाही, हे त्याने आपल्या तोंडाने वडिलांना सांगावं, एवढ्याचसाठी तिने आज त्याला बोलावलं होतं. तिचं सांगून सांगून झालं होतं. बंद स्पीकरमधून आवाज ऐकणाऱ्या माणसाने एकटं राहू नये, असं डॉक्टरांचंही मत पडलं होतं. सोमवारपासून वृद्धाश्रमात खोली ठरली होती.

टकरची ही तिसरी खेप. तीन वर्षांपूर्वी या खोलीतले पाचही स्पीकर त्यानेच बसवले होते, मागचे दोन थेट भिंतीत. तक्रार आल्यावर पहिल्या खेपेला त्याने वायरी बदलल्या, दुसऱ्या खेपेला अर्थिंग तपासलं. घरघर शोधण्यात अख्ख्या टेनेसीत आपला हात धरणारा कुणी नाही, अशी त्याची समजूत होती. दोन्ही वेळा ॲम्प्लिफायरपाशी गुडघे टेकून त्याने कान लावला होता आणि काही नाही म्हणून तो निघून गेला होता.

"जरा उठता का? या खुर्चीसाठीच तर सगळं मोजूनमापून बसवलं होतं मी."

"उठतो बाबा. उतरव एकदाचं माझं भूत."

टकर खुर्चीत बसला. त्याने डोकं मागे टेकलं.

गुणगुण होती. बारीक, संथ, न थांबणारी. विजेची घरघर त्याने झोपेतही ओळखली असती. ही ती नव्हती. त्याने भिंतीवर तळहात ठेवला. एसीने गारठलेल्या त्या खोलीत भिंत ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली.

त्याने जाळी काढली, स्क्रू सैल केले, स्पीकर बोटभर पुढे ओढला आणि फटीत टॉर्च धरला.

आत मेणाचे पडदे लोंबत होते. एकामागे एक, हातभर लांब, मधाने जड झालेले. त्यांच्यावर हजारो मधमाश्या. उजेड पडला तशी ती सगळी सोनेरी भिंत एकदम शहारली. बाहेरून वायर घ्यायला पाडलेलं भोक बुजवायचं आपणच विसरलो, हे टकरला आठवलं. पण लाज वाटायलाही त्याला वेळ लागला. इतका तो थक्क झाला होता. तो नुसता बाजूला सरला आणि टॉर्च नॅडीनच्या हातात दिला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने टॉर्च विझवला, वडिलांच्या खुर्चीत बसली आणि डोकं भिंतीला टेकून डोळे मिटले.

"मे महिन्यापासून सांगतोय," हॉलिस म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"डॅड," ती डोळे न उघडताच म्हणाली, "तुम्ही मला आणखी काय काय सांगत होता?"