दर्शनी दालन, एक

"भर चैतात मांडव सोडतोस?" येसूबाई खळ्यातून ओरडली. "डोकं फिरलंय काय तुजं?"

शिडीवर चढला होता तिचा लेक, विठू. कोयत्याने तो सुंभाच्या गाठी तोडत होता. माडाची झापं एकेक करून खाली पडत होती आणि खळ्यात रणरणतं ऊन उतरत होतं. महिन्यावर कमळाचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. आणि हा मांडव सोडत होता!

दोष त्या म्युनिसिपालिटीच्या मोजणीवाल्याचा. माणूस घाटावरचा, रत्नागिरीला नवा. दिवाळी झाली की कोकणात घरापुढच्या खळ्यात मांडव पडतो आणि पावसाआधी उतरतो, हे त्याला कोण सांगणार? पौषात तो मांडवी वस्तीत घरं मोजायला आला तेव्हा विठू बंदरावर होडीच्या कामाला गेला होता, घरची माणसं बाजारात. मोजणीवाल्याने पाहिलं, खाली चोपून सारवलेली जमीन, चार खांब, वर छप्पर, दोन बाजूंना वारा अडवायला लावलेली झापं. त्याने टेप लावली आणि वहीत लिहिलं, 'दर्शनी दालन, एक.' घरपट्टी अडीच रुपयांवरून साडेपाचावर गेली. एकदा नव्हे, दर वर्षी.

विठू होड्यांचा सुतार. कायमचं बांधलेलं काय आणि तात्पुरतं उभारलेलं काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो म्युनिसिपालिटीत गेला.

"त्यात एक खिळा नाय, आत्मारामभाऊ," तो कारकुनाला म्हणाला. "मांडव हाय तो. तुमच्याकडं पण आसंल."

"आहे की," आत्माराम म्हणाला. "पण तुझ्या नावावर वहीत दालन आहे. मी वही बघतो, घरं बघत नाही."

मग त्याने पट्टीत सूट मिळायचे नियम वाचून दाखवले. घर सहा महिने कुलपात असेल तर सूट. छप्पर गवताचं असेल तर सूट.

"घर कुलपात घालून आमी ऱ्हायचं कुटं?"

"मांडवात," मागे रांगेत उभा असलेला कोणीतरी म्हणाला. सगळे हसले. विठू हसला नाही.

तिसरी सूट होती, नसलेल्या बांधकामाची. आधी पूर्ण पट्टी भरायची. मग अर्ज. मग मेंबर स्वतः येऊन जागा पाहणार. "तिथं काही उभं दिसलं," आत्माराम म्हणाला, "तर अर्ज गेला. पुन्हा करता येत नाही."

म्हणून विठूने मांडव सोडला.

मेंबर रावजीशेट सोमवारी येणार होते. सोमवारी ते मुंबईला गेले. आठ दिवसांनी आगबोटीने परत आले, तर त्यांना ताप. ताप उतरला, तर कचेरीला सुट्टी. विठू रोज कामाचा खाडा करून म्युनिसिपालिटीच्या पायरीवर बसायचा आणि आत्माराम रोज सांगायचा, "उद्या." खळ्यात पाय ठेवला तर चटका बसे. येसूबाईला कोकमं फोडत बसायची पंचाईत, निजायची पंचाईत, आल्यागेल्याला बसवायची पंचाईत. शेजारीपाजारी विचारून विचारून जीव नकोसा करत. विठूने कुणाकुणाला उत्तर द्यायचं?

मालगुंडाहून व्याह्यांचा निरोप आला. पन्नास पानं होतील, मांडवाचं कुठवर आलंय?

मुहूर्तमेढीचा दिवस उजाडला. विठू कचेरीत जाऊन आला. पुन्हा तेच, "उद्या." तो घरी आला आणि ओटीवर डोकं धरून बसला. कमळा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मांडव नसला तरी चालंल मला. देवळात लावा लगीन."

विठूला भडभडून आलं. त्याने तांब्या खाली ठेवला, उठला आणि पहार उचलली.

"खड्ड्यात गेली त्यांची सूट!" तो गरजला. "माजी पोर मांडवातनंच जाईल."

मांडव आदल्यापेक्षा दीडपट मोठा पडला. आठ खांब, वर दुहेरी झापं, आंब्याच्या टहाळ्यांचं तोरण. खांब ठोकताना दरवर्षीच्या साडेपाचांवर आपण स्वतःच शिक्का मारतोय हे विठूला कळत होतं. त्याने एकही घाव हळू मारला नाही.

लग्न लागलं. पानं वाढली आणि नेमक्या त्याच वेळी छत्री मिटत रावजीशेट मेंबर दारात उभे राहिले. मागे वही घेतलेला पट्टेवाला. विठूने हातातली भाताची परात खाली ठेवली. तीन आठवडे जो माणूस आला नाही, त्याला आजच वेळ मिळाला होता.

येसूबाई पुढे झाली. "लग्नाघरी कागद नंतर. आदी पानावर बसा."

रावजीशेट संकोचले, पण बसले. वरणभात झाला, पुरणपोळ्या झाल्या. विठू त्यांना वाढत होता आणि मनातल्या मनात पट्टीचा हिशेब करत होता. आठ खांबांचे आता किती लावतील?

हात धुऊन रावजीशेटांनी चष्मा चढवला, वही उघडली. ओटीवर डोकावले. माजघराच्या दारापर्यंत गेले. घराला वळसा घालून मागची पडवी पाहून आले. मग पुन्हा मांडवात येऊन उभे राहिले. घामेजलेली पगडी त्यांनी काढली आणि सावलीत सुटकेचा श्वास सोडला.

"मांडव झकास घातलायस विठू, गार वाटलं," ते म्हणाले. "आता ते दालन कुठं आहे, तेवढं दाखव."