न वाजलेला भोंपू

पहाटे तीनला उठून गोव्यातल्या हरमल गावभर भोंपू वाजवत पाव वाटणाऱ्या माणसाला भर दुपारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं, की त्याला कोर्टही अर्धं स्वप्नातलंच दिसणार. नारायणला तसंच दिसत होतं. दारं बंद होती. पंखा डुलत होता. समोर हिरवा पडदा उभा होता आणि त्यामागे एक रिकामी खुर्ची. काल त्या खुर्चीवर बसून मुलीने साक्ष दिली होती. तिचं नाव इथे कोणी घेत नव्हतं. चौदा वर्षांची आहे, एवढंच नारायणला ठाऊक होतं.

आरोपी म्हणजे हरमलच्या एका गेस्ट हाऊसचा मालक. कामाला लावतो म्हणून त्याने मुलीला आणलं, मागच्या खोलीत कोंडलं आणि तिचा बाजार मांडला. सरकारी वकिलांना नारायणने सांगितलं, की पर्यटक नसलेल्या त्या दिवसांत मालक रोज एक उंडो, म्हणजे एक गोल पाव, जास्त घ्यायचा. कोणासाठी, हे नारायणने कधी विचारलं नव्हतं. सांगताना त्याची मान खाली गेली.

मग आरोपीचे वकील उठले. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला दुपारची डुलकीच लागावी.

"अकरा वर्षं पोदेर आहात, दारोदार पाव घालता. एक दिवस चुकला नाही, असं पोलिसांना सांगितलंत. बरोबर?"

सांगितलं होतं खरं, आणि छाती फुगवून सांगितलं होतं. वकील न्यायाधीशबाईंकडे वळले.

"मॅडम, मुलगी म्हणते, खोलीत उजेड नव्हता, म्हणून पोदेराच्या भोंप्यावर दिवस मोजले. सकाळचा एक, संध्याकाळचा एक, झाला दिवस. असे नऊ झाले म्हणते. पोलिसांच्या कागदात दहा आहेत. पोदेर तर चुकत नाही. मुलीला कोणीतरी पढवलंय, दुसरं काय?"

नारायणच्या कानात त्याचाच भोंपू वाजू लागला. पों-पों. त्या आवाजाने कुत्री भुंकत, म्हातारे वैतागत. भिंतीपलीकडे कोणी कान लावून तो मोजतंय, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग त्या आवाजात हळूहळू मृदंग मिसळला, पेट्रोमॅक्सचा पिवळा उजेड आला, दशावतारातला राजा तलवार उपसून पुढे आला. त्याच्या स्वतःच्या गावची जत्रा. त्या दिवशी नारायणने सगळे पाव नाक्यावरच्या दुकानात उतरवले होते आणि थेट गाव गाठलं होतं; हरमलमध्ये त्या दिवशी सकाळी भोंपू वाजला नव्हता, संध्याकाळीही नाही. बेकरीच्या मालकाला अजून पत्ता नव्हता. लागला असता, तर नारायण त्याच दिवशी घरी बसला असता.

"नुसतं हो म्हणा," वकील म्हणाले.

"नाय." नारायणचा आवाज त्यालाच परका वाटला. "एक दिवस चुकलंय. गावची जत्रा होती. पाव दुकानार उतरवन गेलंय. पोलिसांका खोटा सांगितलंय."

"कधीची गोष्ट?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"त्याच दिवसांतली, बाईसाहेब. तो जास्तीचो उंडो घेय, तेवाचीच. दुसऱ्या दिवशी तोच माझ्यार ओरडलो, काल खंय होतंस म्हणान."

आरोपीने तोंड फिरवलं. न्यायाधीशबाईंनी कालच्या साक्षीची पानं मागे उलटली. काल ज्या ओळीवर कोणी काही विचारलं नव्हतं, लहान पोरीचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं, ती त्यांनी सावकाश वाचली.

"'मधी एक रात खूप लांब होती. उजाडलाच नाय.'"

वकील आपले कागद उगाच सारखे करत राहिले.

"म्हणजे दिवस दहाच," बाई म्हणाल्या आणि स्टेनोची बोटं चालू लागली.

नारायणला जायला सांगितलं, तरी तो पिंजऱ्याचा कठडा धरून उभाच राहिला. पंख्याच्या वाऱ्याने पडदा जरासा हलला. मागे कोणी नव्हतं. तरी तो तिकडेच बघत म्हणाला,

"बाईसाहेब, तो एक दिवस माझ्या नावार लिवा."