खिंडीतलं धुकं

"खिंडीत धुकं आहे, साहेब. हेलिकॉप्टर येणार नाही," वायरलेस खाली ठेवत रिंचिन म्हणाला. ही थाप त्याला गावच्या मुखियांनी शिकवली होती.

हा दुर्गम केंद्रशासित मुलूख राज्य होण्यालायक आहे का, हे बघायला दिल्लीचे साहेब तासाभरासाठी आले होते. आठवडाभर लोण्याचा खारट चहा पिऊन ते मेटाकुटीला आले. शेवटी त्यांनी अहवालात ‘लायक आहे’ असं लिहून टाकलं आणि धुकं लगेच विरलं.

राज्य झालं, मुखिया मुख्यमंत्री झाले. गावातला सत्कार आटोपून त्यांनी आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. "हेलिकॉप्टर कुठंय, रिंचिन?"

"खिंडीत धुकं आहे, साहेब." रिंचिनने चहाचा पेला पुढे केला. "तोवर आपल्या दवाखान्याचं तेवढं लिहून टाका."