सरावाचा प्रश्न

सरकारलाही सल्ला देणाऱ्या कायद्याच्या सरांनी सरकारी गाडीतून उतरून येताच वर्गाचं दार आतून लावून घेतलं, तेव्हाच पहिल्या बाकावरच्या तिला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. सीमेवरच्या भावाचा फोन सकाळपासून लागत नव्हता, त्यात सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला. पण सरावाचा प्रश्न नेहमीसारखाच निघाला: ‘क्ष’ देशाचं सैन्य सीमेवर जमलंय, हल्ला अजून झालेला नाही, ‘य’ देशाने आधीच वार केला, तर ते स्वसंरक्षण ठरेल का?

बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. तिच्या वाट्याला ‘ठरेल’ आलं. मनाला पटत नव्हतं, तरी ती जीव तोडून बोलली: हल्ला अगदी तोंडावर असेल, दुसरा मार्गच उरला नसेल आणि वार गरजेपुरता असेल, तर ठरेल. समोरच्या बाजूने हार मानली.

“पण सर,” खाली बसता बसता तिने विचारलं, “हल्ला तोंडावर आलाय, हे ठरवायचं कोणी?”

टेबलावरचा फोन वाजला, तसे सर ताडकन उठून उभे राहिले.

“हो, मंत्रीसाहेब,” ते म्हणाले, “बसतंय कायद्यात.”